पुण्याचा संघ, हैदराबादचा करंडक

अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४पासून पाय रोवून आहे. व्यावसायिक संघांचं तसं नसतं. मालकाचे पैसे आटले, की बिऱ्हाड हलतं. कॅनडाचा विनिपेग जेट्स हा आइस हॉकी संघ १९९६मध्ये असाच अमेरिकेत फिनिक्सला गेला.

आपल्याकडे ही पाळी एफसी पुणे सिटीवर आली. २०१४पासून पाच हंगाम बालेवाडीत फुटबॉल खेळलेला हा संघ २०१९मध्ये आर्थिक अडचणींत बंद पडला. नव्या मालकांनी त्याच्या जागी हैदराबाद एफसी उभा केला. पुणेकरांचा लाडका ब्राझिलियन मार्सेलिन्होही तिकडेच दिसला!

२० मार्च २०२२ला फातोर्ड्यात इंडियन सुपर लीगच्या अंतिम सामन्यात केरळा ब्लास्टर्सशी १-१ बरोबरी झाली, मग पेनल्टींवर ३-१ अशी सरशी करून हैदराबादनं करंडक नेला. पुण्याला तो कधीच मिळाला नव्हता.

२०२५मध्ये हैदराबादचाही संघ दिल्लीला हलला.