आधी उतरायचे, मग चढायचे

ग्रँड कॅन्यनच्या काठावर उभे राहिले की सह्याद्रीत वाढलेल्या माणसाचा सगळा हिशेब चुकतो. आपल्याकडे आधी दम काढणारा चढ, मग गडावर पिठले-भाकरी, आणि उतरताना गुडघे कुरकुरले तरी मनावरचे ओझे गेलेले असते. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातली ही दरी नेमकी उलटी. सकाळच्या गारव्यात, ताज्या पायांनी माणूस गप्पा मारत उतरत जातो. खाली जाताना कोणी दमत नाही. दमायची पाळी येते ती परतताना, भर उन्हात आणि पाणी संपत आल्यावर.

हे शहाणपण मला पुस्तकातून आलेले नाही. मुलगा फिनिक्सला नोकरीला आहे. २०१६च्या जुलैत आम्ही दोघे त्याच्याकडे गेलो होतो. राजगड-तोरणा केलेल्या माणसांना तीन मैल म्हणजे काय? ब्राइट एंजल नावाच्या वाटेने पाचएक किलोमीटर उतरून विसाव्याच्या जागी जायचे आणि जेवायला वर यायचे, असा बेत होता. दोघांत मिळून दोन लिटर पाणी. खाली नळ होता, तिथे पोट फुगेपर्यंत पाणी प्यालो, खाल्ले मात्र काहीच नाही. परतीच्या वाटेवर साडेअकराच्या सुमारास सौ. एका कपारीच्या सावलीत बसली ती उठेना. मी विचारत होतो एक आणि ती उत्तर देत होती भलतेच. घामावाटे मीठ गेलेले असताना नुसतेच पाणी पीत राहिले की रक्तातले मीठ आणखी पातळ होते आणि माणूस बरळू लागतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. वाटेने चाललेल्या एका अनोळखी बाईने खारी बिस्किटे पुढे केली, ओढणी भिजवून हिच्या डोक्यावर टाकली आणि चार वाजेपर्यंत जागचे हलू नका असे दटावले. आम्ही काठावर पोचलो तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते. मुलगा वाटेच्या तोंडाशी उभा होता. त्या रात्री जेवताना तो एक शब्द बोलला नाही.

आता येत्या ऑक्टोबरात पुन्हा जायचे घाटते आहे. हट्ट तिचाच. वय बासष्ट, पण कोलोरॅडो नदीला हात लावल्याशिवाय राहायचे नाही म्हणते. ‘अहो, मी अर्ध्यातून परत आलेली एकच वाट आहे,’ हे तिचे म्हणणे. तेव्हा गेले दोन महिने आमच्या जेवणाच्या टेबलावर ताटांखाली नकाशा असतो आणि रविवारी फोनवर मुलाशी वाटाघाटी चालतात.

काठापासून नदीपर्यंतची उतरण सुमारे १,३३५ मीटर आहे. म्हणजे दोन सिंहगड एकावर एक, आणि तेही उलटे. एका दिवसात नदीपर्यंत जाऊन परतू नका, असे तिथले वनरक्षक बजावून सांगतात. तेव्हा तळाशी तंबूत मुक्काम आला, आणि मुक्काम आला की परवाना आला. तो सोडतीने मिळतो आणि अर्ज चार महिने आधी करायचा असतो. उतरायला दोन वाटा आहेत. साउथ कायबॅब ही ११ किलोमीटरची, पण तीव्र उताराची आणि पाण्याचा थेंब नसलेली. ब्राइट एंजल १५ किलोमीटरची, अधूनमधून नळ असलेली. माझ्या डाव्या गुडघ्याने ब्राइट एंजलला कौल दिला आहे. पण नळावर विसंबायचे नाही. तिथली पाइपलाइन १९६०च्या दशकातली आहे आणि ती वारंवार फुटते. म्हणून पाणी गाळायचे यंत्र बरोबर हवे, आणि कोणती वाट उघडी, कुठला नळ चालू, हे निघायच्या आदल्या दिवशीसुद्धा विचारायला हवे. सामानाच्या यादीत सौ.ने पहिल्या ओळीत मीठ लिहिले आहे. त्याखाली भडंग, शेंगदाण्याची चटणी आणि सरबतासाठी कोकमाची पूड.

या दरीत विष्णू, शिव आणि ब्रह्मा या नावांची शिखरे आहेत. क्लॅरेन्स डटन या भूगर्भशास्त्रज्ञाने १८८०च्या सुमारास हिंदू देवतांची नावे देण्याचा पायंडा पाडला. तळातल्या काळ्या खडकालाही विष्णूचेच नाव आहे आणि तो सुमारे १७० कोटी वर्षांपूर्वीचा. आपला सह्याद्रीचा कातळ जेमतेम साडेसहा कोटींचा. हे कळल्यापासून सौ. नदीबरोबर त्या खडकालाही हात लावणार आहे.

खरे भांडण झाले ते पुढच्या टप्प्यावरून. ग्रँड कॅन्यननंतर गाडीने पेज गावावरून यूटा राज्यातल्या झायनला जायचे. (ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, वाटेतला नाव्हाहो आदिवासींचा प्रदेश करतो आणि यूटाही करते. तेव्हा तंबूच्या आरक्षणाची वेळ कोणत्या घड्याळाची, हेही वहीत लिहून ठेवले आहे.) झायनमध्ये व्हर्जिन नदीने कोरलेली नॅरोज नावाची घळ आहे. भिंती तीनतीनशे मीटर उंच, काही ठिकाणी रुंदी सहा-सात मीटर, आणि वाट म्हणजे नदीचे पात्रच. मुलाला ही घळ वरून खाली, २६ किलोमीटर, मध्ये एक रात्र काढून करायची होती. मी नाही म्हटले.

सांधण दरीत पावसाळ्यात शहाणा माणूस उतरत नाही, कारण पाऊस समोर कोसळताना दिसत असतो. वाळवंटी घळीत डोक्यावर निळे आकाश असते आणि पाऊस भलतीकडे, कित्येक किलोमीटरवर पडत असतो. उघडा खडक पाणी शोषत नाही. ते सगळे धावत घळीत येते. १२ ऑगस्ट १९९७ रोजी पेजजवळच्या अँटिलोप कॅन्यनमध्ये अशाच लोंढ्यात अकरा पर्यटक गेले. १४ सप्टेंबर २०१५ रोजी झायनमधल्याच दुसऱ्या एका घळीत सात जण गेले. जुलै ते सप्टेंबर या वादळी पावसाच्या काळाला तिकडेही ‘मान्सून’च म्हणतात. ऑक्टोबर निवडला तो यासाठीच, पण ऑक्टोबरनेही तसे काही लिहून दिलेले नाही.

नॅरोजमध्ये खालून चालत जाणाऱ्यांना नदीचा प्रवाह १५० क्युसेकच्या वर गेला की बंदी होते. खडकवासल्यातून मुठेत हजारो क्युसेक सोडल्याच्या बातम्या वाचणाऱ्या पुणेकराला हा आकडा वाचून हसू येते. मलाही आले होते. मग सहा मीटरच्या बोळात कमरेएवढे वाहते पाणी डोळ्यांसमोर आणून बघितले.

‘बाबा, तेव्हा तुम्हाला कोणी अडवलं होतं का?’ मुलगा फोनवर म्हणाला.

‘नाही,’ मी म्हटले.

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग तो कागद-पेन घेऊन बसला. ठरले ते असे: नॅरोजमध्ये खालच्या तोंडातून शिरायचे, दुपारी बाराला असू तिथून मागे फिरायचे, आणि त्या दिवसाचा अंदाज वाईट असेल तर जायचेच नाही. त्यासाठी एक दिवस मोकळा ठेवला आहे. ग्रँड कॅन्यनमध्ये तळाशी दोन रात्री, चढताना अर्ध्या वाटेवर तिसरी. मधल्या दिवशी नुसते नदीकाठी बसायचे. तीन रात्रींचा परवाना मिळतो की नाही, ते अजून कळायचे आहे.

दरम्यान सराव चालू आहे. दर शनिवारी पहाटे आम्ही जीपने सिंहगडावर जातो, पाठीवर आठ किलोची सॅक घेऊन आतकरवाडीपर्यंत उतरतो आणि ऊन चढू लागले की तीच वाट वर चढतो. उतरताना चढणारी मंडळी आमच्याकडे हेव्याने बघतात, चढताना उतरणारी कीव करतात. गेल्या शनिवारी दुसऱ्यांदा वर पोचलो तेव्हा ताकवाल्या मावशींनी सौ.ला मडके पुढे करत विचारले, ‘ताई, सकाळी तर वरच होता की तुम्ही. खाली काय राहिलं होतं?’

‘नदी,’ सौ. म्हणाली, आणि ताकात आणखी थोडे मीठ मागून घेतले.