मोठ्या लाटेसाठी कोणती फळी?

समुद्राच्या लाटेवर फळी टाकून घसरत जाण्याचा खेळ हवाई बेटांवर फार जुना आहे. बहुतेक खेळाडू फळीवर उभे राहतात. काही मात्र गुडघे टेकून बसतात; त्यांच्या आखूड, रुंद फळीला नीबोर्ड म्हणतात. समजा, ऑस्ट्रेलियातील एक तरुण घरच्या किनाऱ्यावर मीटरभर उंचीच्या लाटांवर चांगला सरावला आहे, आणि आता त्याला ओआहू बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर जायचे आहे. उत्तर पॅसिफिकमधील वादळांनी उठवलेल्या लाटा नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या सुमारास तेथे येऊन फुटतात. ४ मीटर उंचीची लाट तेथे नवलाची नाही. मग त्याने कोणती फळी न्यावी? मोठ्या लाटेला मोठी, रुंद फळी, असे उत्तर चटकन सुचते. ते निम्मेच बरोबर आहे.

प्रथम लाटेचा वेग काढू. उथळ पाण्यात लाटेचा वेग हा गुरुत्वत्वरण आणि पाण्याची खोली यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ असतो. लाटेची उंची खोलीच्या सुमारे ०.७८ पट झाली की लाट फुटते. (तळाच्या उतारानुसार हा आकडा थोडा बदलतो.) म्हणजे १ मीटरची लाट सुमारे १.३ मीटर खोलीवर फुटेल आणि तेव्हा तिचा वेग सेकंदाला साधारण ३.५ मीटर असेल. ४ मीटरची लाट ५.१ मीटर खोलीवर, सेकंदाला ७ मीटर वेगाने येईल. उंची चौपट, वेग दुप्पट. गुहागरच्या किंवा गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर, पाण्यात न उतरता, लाट फुटण्याची जागा पाहून तेथील खोलीचा अंदाज तुम्हीही बांधू शकाल.

लाट पकडायची तर फळीला लाटेच्या वेगाजवळ यावे लागते. ५० मीटरच्या शर्यतीतील अव्वल जलतरणपटूही सेकंदाला अडीच मीटरांच्या आतच असतात. फळीवर पालथे पडून हातांनी पाणी मारणारा, पायांत रबरी फ्लिपर चढवलेला आपला तरुण सेकंदाला दीड-दोन मीटर गाठेल. उरलेला वेग लाटेच्या उतारावरून घसरताना मिळतो. लहान लाटेत ही उणीव दोन मीटरांची, मोठीत पाचांची. ती वेळेत भरून निघाली नाही तर लाट त्याला माथ्यावर उचलते आणि कोसळणाऱ्या पाण्याबरोबर खाली आपटते. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन वजन, हे ध्यानात घ्या.

म्हणून आरंभीचा वेग जितका अधिक तितके बरे, आणि येथे लांबी कामाला येते. शर्यतीच्या होड्या लांब व सडपातळ असतात त्या याच कारणाने: पाणी कापताना त्या कमी लाटा उठवतात. शिवाय आर्किमिडीजचा नियम आहेच. ४० लिटर घनफळाची फळी पूर्ण बुडाली तर सुमारे ४१ किलोग्रॅम वजनाचे समुद्राचे पाणी बाजूला सारते. फळीचे स्वतःचे तीन-चार किलो वजा जाता उरणारा आधार ७० किलोच्या तरुणाला पुरता तरंगवत नाही. त्याचे शरीर अर्धवट पाण्यात राहते व विरोध वाढतो. तेव्हा लांबी दहा-पंधरा सेंटिमीटर आणि जाडी किंचित वाढवावी.

पण रुंदी? फळी एकदा घसरू लागली की तिला मुख्यतः प्लवन उचलून धरत नाही. तळाशी आपटणारे पाणी तिला वर रेटते. हे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की तेवढेच वजन पेलायला, फळीचा कल तोच असेल तर, पाव क्षेत्रफळ पुरते! घरच्या संथ लाटेत उपकारक ठरलेली रुंद शेपटी येथे शत्रू बनते. ती जास्त उचलली जाते, पाण्याच्या खडबडीत पृष्ठभागावर उसळते, आणि वळण्यासाठी फळी कडेवर कलती करायची तर बलाचा आघूर्ण मोठा पडतो. गुडघ्यांवर बसणाऱ्याचा गुरुत्वमध्य खाली असल्याने त्याचा तोल चांगला राहतो. पण उभ्या खेळाडूप्रमाणे पाय पुढेमागे सरकवून भार बदलण्याची सोय त्याला नाही. त्याचे वजन शेपटीजवळच राहते. म्हणून शेपटी निमुळती हवी.

या बाबतीत कॅलिफोर्नियातील जॉर्ज ग्रीनॉ यांचे नाव घ्यावेच लागेल. त्यांनी १९६० च्या दशकात चमच्यासारखी खोलगट नीबोर्ड बनवली. मधला भाग नुसत्या काचतंतूंचा, लवचीक. फोम होता तो कडांना. स्थिर असता ही फळी जेमतेम तरंगे, वेग घेतला की जिवंत होई. तिच्या शेपटीखालचे पाते, म्हणजे फिन, त्यांनी ट्यूना माशाच्या शेपटीवरून बेतले होते: बुडाशी रुंद, टोकाकडे निमुळते व लवणारे. १९६६ साली सान दिएगो येथील जागतिक स्पर्धा ऑस्ट्रेलियाच्या नॅट यंग यांनी जिंकली, तेव्हा त्यांच्या उभ्याने खेळायच्या फळीला ग्रीनॉ पद्धतीचे फिन होते. मला स्वतःला ही चमचा-फळी फार आवडते, पण आपल्या तरुणाला मी ती सुचवणार नाही. पहिल्याच खेपेला अनोळखी पाण्यात एवढी कमी तरंगणारी फळी नको.

फळी घोट्याला बांधायची दोरी मात्र त्याने नवी घ्यावी, नेहमीपेक्षा जाड. वाहत्या पाण्याची ओढही वेगाच्या वर्गाच्याच प्रमाणात वाढते, आणि दोरी तुटली तर किनाऱ्यापर्यंत पायांतल्या फ्लिपरचाच आधार उरतो.