एकानं बुडवलं, एकानं तारलं

विश्वासातल्या माणसानंच फसवलं तर? पैसे जातातच, पण 'मी कसा फसलो!' ही बोच जास्त छळते. अमेरिकेचे माजी अध्यक्ष युलिसिस ग्रँट यांच्यावर हीच वेळ आली. मुलाचा भागीदार फर्डिनंड वॉर्ड याच्यावर त्यांनी डोळे मिटून विश्वास टाकला. मे १८८४ मध्ये कळलं, वॉर्डनं सगळं बुडवलंय! त्याच्या सांगण्यावरून आणलेले दीड लाख डॉलरही गेले. ते कर्ज फेडायला ग्रँटनी युद्धातल्या तलवारीसुद्धा देऊन टाकल्या.

त्यातच घशाचा कॅन्सर झाला. तरी ते रोज नेटानं आठवणी लिहू लागले. एक प्रकाशक १० टक्के मानधन देणार होता. लेखकमित्र मार्क ट्वेननं नफ्यातले ७० टक्के देऊ केले. 'आता मित्र नकोच,' असं म्हणून ग्रँट दार लावून बसले असते तर?

जुलै १८८५ मध्ये पुस्तक संपवून ग्रँट गेले. पत्नी ज्यूलियाला त्यातून सुमारे साडेचार लाख डॉलर मिळाले.

तेव्हा कुणी फसवलंच, तर आधी घरी सांगा. लाज फसवणाऱ्याला वाटायला हवी, तुम्हाला नाही. पटतंय ना?