परीक्षकाची परीक्षा

प्रवासास निघतांना घरांतील वडील माणसें देवापुढें सुपारी ठेवतात, हातावर दही घालतात. आणि एकदां गाडी सुटली म्हणजे आपण निश्चिंतपणें डोळे मिटतों. ज्याच्या हातीं चाक आहे त्याची दृष्टि, हृदय व सावधपणा शाबूत आहे कीं नाहीं, हा विचार फारच थोड्यांच्या मनांत येतो. कोणीतरी डॉक्टरनें त्यास तपासून दाखला दिलाच असेल, असें आपण धरून चालतों. परंतु तो डॉक्टर तरी त्या कामास योग्य आहे कीं नाहीं, हें कोणीं पाहावयाचें? हाच प्रश्न आज आम्ही वाचकांपुढें मांडीत आहों.

अमेरिकेंत २२ माणसांच्या मृत्यूनें हा प्रश्न ऐरणीवर आणला. ९ मे १९९९ रोजीं, मातृदिनीं, सहलीस निघालेल्या वृद्ध उतारूंची एक भाड्याची बस न्यू ऑर्लिन्स शहरांत हमरस्ता सोडून बाजूस गेली व कठडा मोडून मातीच्या बांधावर आदळली. पुढें राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानें चौकशी केली. चालकाचीं मूत्रपिंडें निकामी झालीं होतीं, हृदय दुर्बळ झालें होतें, आणि अपघातापूर्वीं कांहीं तासच तो इस्पितळांतून उपचार घेऊन परतला होता. गांजाचा अंशही त्याच्या शरीरांत आढळला. एवढें असूनही वाहन चालविण्यास योग्य असल्याचा वैद्यकीय दाखला त्याच्यापाशीं होता! अपघाताचीं कारणें सांगतांना मंडळानें चालकाच्या आजाराबरोबर दाखला देण्याच्या पद्धतीसही दोष दिला.

त्या काळीं तेथें शरीरतपासणीचा परवाना असलेला कोणीही वैद्यकव्यवसायी असा दाखला देऊं शके. चालकांसंबंधींचे नियम त्यास ठाऊक असावेत, अशी परीक्षा कोणी घेत नसे. २००५ सालीं कायदा झाला, २०१२ सालीं नियम ठरले, आणि २१ मे २०१४ पासून आंतरप्रांतीय व्यापारी वाहनें चालविणारांस राष्ट्रीय नोंदवहींत नांव असलेल्या परीक्षकाकडूनच दाखला घ्यावा लागतो. नांव दाखल होण्यास शिक्षणक्रम पुरा करून परीक्षा उतरावी लागते. दर ५ वर्षांनीं उजळणी आणि दर १० वर्षांनीं पुन्हां परीक्षा. तपासणीचे कागद निदान ३ वर्षें जपावे लागतात व सरकारनें मागतांच दाखवावे लागतात. कसूर झाल्यास नांव वहींतून जातें.

कोणी म्हणेल, डॉक्टर शिकलेला असतां एवढा खटाटोप कशास? यावर आमचा एक अनुभव सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं एका डॉक्टर स्नेह्यांच्या दवाखान्यांत आम्ही बसलों होतों. मालमोटारीचा एक चालक आला. नांव, वय विचारून डॉक्टरांनीं सही केली. आम्हीं आश्चर्यानें पाहिलें, तेव्हां ते म्हणाले, "अहो, त्याचें पोट यावर आहे. मी नाहीं म्हटलें तर पलीकडचा देईल." आम्हीं एवढेंच म्हटलें, "आज रात्रीं आमच्या सूनबाई मुलांना घेऊन बसनें येत आहेत. समोरून हाच मनुष्य येईल." डॉक्टर क्षणभर स्तब्ध झाले. त्यांनीं चालकास परत बोलाविलें व खिडकींतून रस्त्यापलीकडच्या मोटारीचा नंबर वाचावयास सांगितला. त्यास तो वाचतां येईना. आठ दिवसांनीं चष्मा घेऊन तो आला, नंबर घडाघडा वाचला आणि दाखला घेऊन कामावर गेला.

आमचे स्नेही दुष्ट नव्हेत, कीं अडाणी नव्हेत. मात्र हें काम नेहमींच्या वैद्यकीहून निराळें आहे. एरवीं रोगी आपलें दुखणें उघड करून सांगतो. येथें तो तें लपवितो. एरवीं डॉक्टरचें कर्तव्य समोरच्या माणसाशीं. येथें तें रस्त्यावरील अनोळखी माणसांशीं असतें, आणि फी मात्र बहुधा तपासून घेणाराच देतो. हें ओझें केवळ सद्भावनेवर टाकणें योग्य नव्हे.

मग अशा परीक्षकाची पारख कशी करावी? नुसत्या लेखी परीक्षेनें ज्ञान कळतें, सचोटी कळत नाहीं. त्यासाठीं त्याचे कागदच वाचले पाहिजेत. रक्तदाबाचे आंकडे प्रत्येकाचे सारखेच कसे? एका सकाळीं इतक्या तपासण्या कशा झाल्या? कोणासही कधींच नकार कसा नाहीं? यांपैकीं एकट्या गोष्टीनें दोष सिद्ध होत नाहीं. परंतु चौकशीस प्रारंभ करण्यास ती पुरेशी आहे.

ऊठसूट नकार देणारा परीक्षकही चांगला नव्हे. चालकाची भाकरी त्या सहीवर असते. अमेरिकेंत २०१८ सालीं इन्शुलिन घेणाऱ्या मधुमेही चालकांस व २०२२ सालीं एका डोळ्यानें अधू असणारांस, नीट तपासून, दाखल्याची वाट मोकळी झाली. सरसकट बंदी उठली, म्हणून परीक्षकाच्या विवेकाची जबाबदारी वाढली.

आपल्याकडे बस, मालमोटार चालविणारास 'नमुना १-अ' हा दाखला लागतो. २५ मीटरांवरील मोटारीचा नंबर दिवसाउजेडीं वाचतां येतो काय, हा प्रश्न त्यांत आहे. अमेरिकेंत दाखल्याची मुदत फार तर २ वर्षें. आपल्याकडे असा परवाना २०१९ च्या दुरुस्तीनंतर ५ वर्षांचा असतो. म्हणजे येथील एकेका सहीवर अधिक काळ विसंबावें लागतें.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं डॉक्टर मुलगा, डॉक्टर सून किंवा डॉक्टर जावई असेल. त्यांच्यापुढें असा कागद आला, तर सहीपूर्वीं चालकास खिडकीपाशीं न्यावें, एवढी आमची त्यांस विनंती आहे. पांच मिनिटांचें काम. पण रात्रीच्या गाडींत निजलेलीं मुलें त्यावर सुखरूप घरीं पोहोंचावयाचीं असतात.