साध्या मजकुराचे दप्तर

संगणकशास्त्राचा एखादा विद्यार्थी आपली टिपणे, हिशेब व रोजनिशी परक्या कंपनीच्या दूरस्थ यंत्रावर न सोपविता स्वतःच्या संगणकावरील साध्या मजकुराच्या फायलींत ठेवतो, तेव्हा ती आवड काटकसरीची नसून दूरदृष्टीची असते, असे माझे स्पष्ट मत आहे. अशा फायलीत अक्षरांच्या संकेतांकांखेरीज काहीच नसते. १९९२ साली केन थॉम्पसन व रॉब पाइक यांनी रचलेल्या यूटीएफ-८ या युनिकोडच्या संकेतपद्धतीत इंग्रजी अक्षरास १ बाइट, तर देवनागरीतील 'क' आणि वेलांटी यांस प्रत्येकी ३ बाइट लागतात, म्हणजे 'की' हे अक्षर ६ बाइटांत मावते, आणि ते उलगडण्यास कोणत्याही विशिष्ट प्रोग्रॅमची मेहेरबानी लागत नाही. याउलट, युनिकोडपूर्व काळी निरनिराळ्या फॉन्टांच्या खाजगी संकेतांत टंकलेले कितीतरी मराठी लेखन, तो फॉन्ट हाताशी नसेल तर, निरर्थक चिन्हांचा ढीग होऊन पडते. २००५ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी निर्मिलेले गिट हे फेरफार नोंदविणारे साधन जोडीस घेतले, की नोंदविलेल्या प्रत्येक फेरफाराचा इतिहासही आपल्याच दप्तरी राहतो. मात्र देखभालीची जबाबदारीही मग आपलीच. म्हणून ज्यांच्याजवळ जुन्या फॉन्टांतील लेखन आहे, त्यांनी ते युनिकोडात उतरवून त्याची एक नक्कल दुसऱ्या ठिकाणी अवश्य ठेवावी.