नेमका दोषी पदार्थ कोणता?

मधली सुट्टी संपते. एक मुलगी अंग खाजवत वर्गात येते. हातांवर, गळ्यावर गांधी उठलेल्या असतात. "डब्यात काय होते?" आपण विचारतो. "भरली वांगी." झाले! 'हिला वांगे बाधते' असा निकाल लागतो आणि वांगे कायमचे बंद होते. पण हा निकाल बरोबर असतो का?

अन्नाची ॲलर्जी, म्हणजे वावडे, ही शरीराच्या संरक्षणव्यवस्थेची चूक असते. १९२१ साली ब्रेस्लाऊ येथे (आजचे पोलंडमधील व्रोत्सवाफ) कार्ल प्राउसनिट्झ यांनी आपले सहकारी क्युस्टनर यांचे रक्तजल स्वतःच्या त्वचेत टोचून घेतले. क्युस्टनर यांना मासे सोसत नसत. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला, तेव्हा तेथे गांध उठली. म्हणजे केवळ मासा कारणीभूत नव्हता. क्युस्टनर यांच्या रक्तातही काहीतरी होते. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याची ओळख पटली. ते होते आय.जी.ई. हे प्रतिपिंड. ते त्वचा, श्वासमार्ग व आतड्यांतील मास्ट पेशींना चिकटून असते. अन्नातले ठरावीक प्रथिन त्याला भेटले की या पेशी हिस्टामिनसारखी रसायने सोडतात. मग खाज, सूज, उलटी, धाप सुरू होते.

यावरून शोधाच्या खुणा मिळतात. त्रास बहुधा काही मिनिटांत ते दोन तासांत होतो. थोडासा घासही पुरतो. तोच पदार्थ पुन्हा खाल्ला की त्रास बहुधा पुन्हा होतो. दुधाने नुसते पोट फुगत असेल, तर ती बहुधा ॲलर्जी नसते. दुधातील लॅक्टोज ही साखर पचवणारे विकर कमी पडत असते. अशांना दही पुष्कळदा चालते. मुलांमध्ये विषाणूंच्या संसर्गामुळेही गांधी उठतात. तेव्हा अन्नाचा संबंधच नसतो.

आता आपल्या मुलीची वही पाहू. सोमवारी भरली वांगी खाल्ली: वांगे, दाण्याचे कूट, तीळ. त्रास झाला. बुधवारी कूट न घातलेले वांग्याचे भरीत खाल्ले. काही झाले नाही. शनिवारी साबुदाण्याची खिचडी खाल्ली: साबुदाणा, बटाटा, कूट. पुन्हा त्रास. तेल, मीठ, मिरची रोजचीच. संशय कोणावर? वांगे सुटले, दाणे अडकले. हे कोडे वर्गात फळ्यावर जरूर सोडवून घ्यावे.

मात्र संशय म्हणजे पुरावा नव्हे. त्वचेवरची चाचणी फक्त प्रतिपिंडे असल्याचे सुचवते. ती असूनही कित्येकांना तो पदार्थ सोसतो. खरी कसोटी रुग्णालयात होते. पदार्थ अगदी थोड्या मात्रेपासून वाढवत देतात, आणि कोणत्या मात्रेत तो आहे हे काटेकोर चाचणीत रुग्णाला व तपासणाऱ्यालाही ठाऊक नसते. 'खाऊन बघ' हा प्रयोग घरी वा शाळेत कधीही करू नये. खाल्ल्यानंतर घसा सुजला, श्वास अडला किंवा भोवळ आली, तर ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन लागते. वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

चूक दोन्हीकडे महाग पडते. खरा दोषी सुटला तर जिवावर बेतते. निर्दोष पदार्थ बंद झाले तर वाढत्या मुलाच्या ताटातून दूध, अंडे, दाणे उगाच जातात. म्हणून निकाल देण्याआधी नोंद ठेवावी: काय खाल्ले, कशाकशाचे होते, किती वेळाने काय झाले. ही वही डॉक्टरांच्या फार उपयोगी पडते.