घटनादुरुस्तीचा पहिला शब्द कोणाचा?

घटनादुरुस्ती मंजूर कोणी करावी याची चर्चा पुष्कळ होते. ती सुचवावी कोणी, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. वास्तविक जी सूचना सभागृहापुढे येतच नाही, तिच्यावर मत तरी कोण देणार?

भारताच्या राज्यघटनेतील ३६८ व्या अनुच्छेदानुसार दुरुस्तीचा आरंभ संसदेच्या एखाद्या सभागृहात विधेयक मांडूनच होऊ शकतो. काही विषयांत निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती लागते खरी. परंतु संमती देणे निराळे आणि प्रस्ताव आणणे निराळे. १९४८ च्या मसुद्यातील ३०४ वे कलम इतके कठोर नव्हते. राज्यपालाच्या निवडीची पद्धत व विधिमंडळातील सभागृहांची संख्या, एवढ्या दोन बाबींपुरता का होईना, प्रस्तावाचा हक्क त्यात राज्यांच्या विधिमंडळांनाही ठेविला होता. सप्टेंबर १९४९ मध्ये घटना समितीने अंतिम कलम स्वीकारले, तेव्हा तो उरला नाही. कोल्हापूरचे रत्नाप्पा कुंभार आणि बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर हे या समितीचे सभासद होते. (खर्डेकरांचे नाव आज शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयास आहे.) त्यांचे करवीर संस्थान त्याच वर्षी १ मार्च रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले होते.

या व्यवस्थेचा अर्थ कोल्हापूरकरांस २०२१ साली नीट उमगला. २६ जुलै १९०२ रोजी शाहू महाराजांनी रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांकरिता राखल्या, त्या एका हुकुमाने. पुढे २०१८ मध्ये संसदेने १०२ वी घटनादुरुस्ती केली. तिच्यामुळे मागासवर्ग ठरविण्याचा राज्यांचा अधिकार संपला, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०२१ रोजी बहुमताने दिला. मराठा आरक्षणाचा कायदाही पन्नास टक्क्यांच्या मर्यादेवर अडून रद्द झाला. जूनमध्ये शाहू महाराजांच्या समाधिस्थळी मूक आंदोलन झाले. जुलैमध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने मर्यादा शिथिल करण्याविषयी ठराव केला, पण तो केंद्राकडे केलेली शिफारस एवढाच. ऑगस्टमध्ये संसदेने १०५ वी दुरुस्ती करून मागासवर्ग ठरविण्याचा अधिकार राज्यांस परत दिला. मर्यादेला मात्र हात लाविला नाही. मागणी योग्य की अयोग्य हा वाद येथे बाजूस ठेवू. तिच्यावर होय किंवा नाही असे उत्तर मिळविण्याचा हक्कच राज्यापाशी नव्हता, हे महत्त्वाचे.

हा हक्क फार सैल ठेवणेही बरे नव्हे. स्वित्झर्लंडमध्ये अठरा महिन्यांत एक लक्ष सह्या जमल्या की प्रस्ताव लोकमतास जातो. त्या वाटेने २००९ साली मशिदींच्या मिनारांवरील बंदीसुद्धा घटनेत शिरली. अमेरिकेचा मार्ग अधिक सावध आहे. तेथे दोनतृतीयांश राज्यांनी मागणी केल्यास दुरुस्तीसाठी परिषद बोलवावी लागते. अशी परिषद आजवर एकदाही भरलेली नाही. तथापि सेनेटरांची निवड थेट जनतेने करावी म्हणून राज्यांच्या मागण्या वाढत गेल्या, तेव्हा परिषद टाळण्यासाठी काँग्रेसनेच प्रस्ताव पुढे आणिला आणि १९१३ साली सतरावी दुरुस्ती झाली.

भारतातही ठरावीक संख्येच्या विधिमंडळांनी एकच ठराव केल्यास संसदेने तो मुदतीत मतास टाकावा, एवढी तरतूद पुरेशी होईल. निर्णय संसदेचाच राहील. एकट्या राज्याच्या लहरीला त्यात वाव नाही. महाराष्ट्राला आपल्या ठरावासाठी आधी इतर राज्यांची मने वळवावी लागतील.